परसबागेतील क्रांती

हरितीकरणाच्या चळवळीचा इतिहास आपल्याकडे बहुधा वनमहोत्सवापासून सांगितला जातो. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी त्याला देशव्यापी रूप दिले. पुढे महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या अवघ्या चार वर्षांत वृक्षलागवडीचे शासकीय लक्ष्य २ कोटींवरून ३३ कोटींवर गेले. हा इतिहास मुख्यतः आकड्यांचा आहे. परभणीत मात्र याच विषयाचा एक लहानसा, वेगळा अध्याय घडला आणि तो एका भाजीच्या नावात टिकून राहिला : 'परभणी क्रांती'.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाची नोंद १९२४ साली तत्कालीन मुंबई इलाख्यातून झाली होती. हा रोग विषाणूचा आणि त्याचा प्रसार करते पांढरी माशी. विषाणूवर औषध नाही. म्हणून फवारणी होते ती माशीवर. परंतु ज्या परसबागेतली भाजी तोडल्याबरोबर चुलीकडे जाते, तिथे विषारी फवारणी हा उपाय म्हणजे दुसरे संकटच.

१९७२ या दुष्काळी वर्षात परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (२०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते). तेथील नेरकर व जांभळे या संशोधकांनी 'पुसा सावनी' या लोकप्रिय वाणाचा संकर भेंडीच्या एका रानवट नातलगाशी केला, आणि निवड करीत १९८०च्या दशकाच्या मध्यास रोगाला दाद न देणारे हे वाण सिद्ध केले. ते सरळ वाण असल्याने बी घरी राखता येते. म्हणजे फवारणीला पर्याय सापडला तो कारखान्यात नव्हे, रानात.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे भाषेकडेही पाहावेसे वाटते. 'रानटी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण मराठवाड्यातला शेतकरी 'रानात जातो' तेव्हा तो स्वतःच्या शेतात जात असतो. बोलीने रान आणि शेत यांच्यामध्ये भिंत घातलेली नाही. 'परसबाग' या शब्दातही मराठी परस आणि फारसी बाग सुखाने एकत्र नांदतात.

भिंत घातली ती शहरी उद्यानाच्या कल्पनेने. हिरवळीचा गालिचा, कापून नीट केलेली कुंपणे, मादागास्करहून आलेला गुलमोहर हे आपल्या लेखी सौंदर्य. आणि ज्या बोरी-बाभळींवर, हिवरावर पाखरे नांदतात, ती झाडे म्हणजे साफ करावयाचे झुडूप. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या प्रदेशात हिरवळ पाण्यावर जगवावयाची आणि पाण्यावाचून तगणारा कडुलिंब तोडावयाचा, हा विवेक नव्हे. १९७५ साली राज्याने नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा केला. पण कोणते झाड जपण्याजोगे, ही दृष्टी कायदा देत नाही.

'परभणी क्रांती'ची रोगप्रतिकारशक्तीही पुढे क्षीण झाली. विषाणू बदलत राहिला. म्हणून त्या वाणाचे महत्त्व उणावत नाही. उलट क्रांती हा शब्द एकदाच उच्चारून भागत नाही, हेच त्यातून कळते. रोप लावण्याचा दिवस साजरा करणे सोपे असते. हरित मोहिमेचा हिशेब मात्र तिसऱ्या उन्हाळ्यात मांडावा : किती झाडे लावली हे नव्हे, तर कोणती जगली, कोणाच्या पाण्यावर जगली, आणि पुढच्या पेरणीसाठी घरात बी उरले का.