मुखवट्याचे कर्तृत्व : गर्ट्रूड स्टाइनचे व्यक्तिचित्र

पाब्लो पिकासोने १९०५-०६ मध्ये रंगवलेल्या गर्ट्रूड स्टाइनच्या व्यक्तिचित्राचे कलेतिहासातील स्थान जवळजवळ ठरून गेले आहे. गुलाबी कालखंडाचा अस्त आणि १९०७ च्या ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ची पूर्वतयारी यांमधला हा दुवा मानला जातो. हा स्थाननिर्णय चुकीचा नाही. परंतु त्यामुळे समोर बसलेली स्त्री चित्रकाराच्या शैलीविकासाचे केवळ निमित्त होऊन जाते. ही स्त्री लेखिका होती, आणि या चित्राच्या जन्माविषयी जे सांगितले जाते त्यातील बराचसा भाग तिनेच लिहिलेला आहे. चित्रासोबत वावरणारी ही संहिता समीक्षेने पुरावा म्हणून वापरली. संहिता म्हणून ती क्वचितच वाचली गेली.

चित्र सुमारे १०० बाय ८१ सेंटिमीटरचे आहे. तपकिरी वस्त्रांतली भारदस्त काया किंचित पुढे झुकलेली, हात मांडीवर विसावलेले. अँग्रच्या १८३२ मधील बेर्तँ या वृत्तपत्रमालकाच्या चित्राशी या बैठकीचे असलेले नाते अभ्यासकांनी पूर्वीच दाखवले आहे; एका कर्तबगार पुरुषाची ऐट येथे बत्तीस वर्षांच्या स्त्रीला मिळाली आहे. हात मऊ, वाहत्या कुंचल्याने रंगवलेले आहेत. चेहरा मात्र कोरून काढल्यासारखा घट्ट आहे, दोन्ही डोळे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच देहात दोन चित्रपद्धती नांदतात आणि त्यांचा सांधा लपवण्याचा प्रयत्न पिकासोने केलेला नाही.

या सांध्यामागे एक खंड आहे. मोंमार्त्रमधील ‘बातो-लाव्हार’ या जुनाट इमारतीतल्या चित्रशाळेत बैठका सुरू झाल्या. १९०६ च्या वसंतात पिकासोने रंगवलेला चेहरा पुसून टाकला आणि उन्हाळ्यात तो फेर्नांद ऑलिव्हिएसह पिरेनीज पर्वतातील गोसोल या खेड्यात गेला. परतल्यावर, स्टाइन समोर नसताना, त्याने चेहरा पूर्ण केला. ओसुना येथे सापडलेली प्राचीन इबेरियन शिल्पे त्याच सुमारास लूव्रमध्ये मांडली गेली होती. त्यांचा प्रभाव सर्वमान्य आहे. तरीही हा मुखवटा म्हणजे परकीय शिल्पाचे स्त्रीदेहावर केलेले आरोपण, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. त्याच वर्षीच्या पॅलेट घेतलेल्या आत्मचित्रात पिकासोने स्वतःलाही जवळजवळ हाच मुखवटा चढवला आहे.

आता साक्षीदाराकडे वळावे लागते. ऐंशी-नव्वद बैठका झाल्या, पाहता पाहता चेहरा दिसेनासा झाल्याचे सांगून चित्रकाराने तो पुसला, ही हकीकत ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ अ‍ॅलिस बी. टोक्लस’ या १९३३ च्या पुस्तकातली आहे. म्हणजे घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी, स्टाइनने, टोक्लसच्या तोंडून सांगितलेली. टोक्लस पॅरिसला आली ती सप्टेंबर १९०७ मध्ये. तेव्हा चित्र भिंतीवर लागलेले होते. निवेदिका जेथे हजर नव्हती तेथली गोष्ट सांगते, आणि तिच्या आडून चित्रविषय झालेली स्त्री स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करते. बैठकांचा आकडा खरा की फुगवलेला, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. (भराभर रंगवणाऱ्या पिकासोच्या बाबतीत तो संशयास्पदच वाटतो.) चित्र स्टाइनसारखे दिसत नाही असे लोक म्हणतात, पण पुढे ती त्यासारखी दिसू लागेल, हे पिकासोचे प्रसिद्ध उत्तरही याच पुस्तकातले. सादृश्याचा उलटा न्याय मांडणारे हे वाक्य चित्रकाराचे म्हणून उद्धृत होत राहते. ते आपल्यापर्यंत आणले चित्रविषयाने.

स्टाइनचे हे कर्तृत्व केवळ आठवणींपुरते नाही. बैठकांहून घरी चालत येताना ‘मेलँक्था’ ही कथा मनात रचली जात होती, असे तीच सांगते; ती कथा १९०९ च्या ‘थ्री लाइव्ह्ज’ मध्ये आली. पुनरुक्तीने व्यक्ती घडवण्याची तिची रीत येथे प्रथम ठळकपणे दिसते. कथेतील कृष्णवर्णीयांविषयीची सरधोपट विधाने आज खटकतात, आणि खटकायलाच हवीत. मुखवटा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चढवण्याचा सोपा मार्ग तिलाही टाळता आला नाही. मराठीत ‘व्यक्तिचित्र’ ही संज्ञा रंगांच्या आणि शब्दांच्या दोन्ही निर्मितींसाठी चालते. स्टाइनच्या संदर्भात ही संदिग्धता उपकारकच आहे. ऑगस्ट १९१२ मध्ये ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकात तिचे ‘पिकासो’ हे शब्दचित्र छापले गेले. त्यात नाक, डोळे, पोशाख यांचे वर्णन नाही. काम करीत राहणारा कुणी एक आहे, आणि त्याच्या हातून काहीतरी बाहेर येत राहते. हे गोसोलनंतरच्या चेहऱ्याला दिलेले उत्तर आहे, असे म्हणता येते.

पुढे तिने केस अगदी आखूड कापले. पिकासोने आपल्या चित्राचे काय होणार म्हणून आधी काळजी केली, मग सारे काही तसेच आहे असे म्हटले. हाही प्रसंग तिच्याच पुस्तकातला. २७ जुलै १९४६ रोजी तिचे निधन झाले. चित्रसंग्रहाचा हयातभराचा उपभोग तिने टोक्लसला दिला होता, हस्तलिखिते येल विद्यापीठाला. हे एक चित्र मात्र वेगळे काढून न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाच्या नावे केले.