आश्रयाच्या पाच ओळी

इ. स. १८४२ मधली गोष्ट. भडोच येथे कंपनी सरकारच्या कापूस-लागवडीचे प्रयोग चालू होते. अमेरिकन कापूस या मातीत कितपत रुजतो, हे पाहण्याचा तो खटाटोप होता. त्या लागवडीच्या अधीक्षकांना अमेरिकन कापसाची बोंडे आतून पोखरलेली आढळली. त्यांनी त्या किडीचे नमुने विलायतेस धाडले. विल्यम विल्सन सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली त्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या नावात 'गॉसिपिएला' हा शब्द घातला. गॉसिपियम म्हणजे कापूस. आज विदर्भापासून पंजाबपर्यंत जिच्या नावाने शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो, त्या गुलाबी बोंडअळीची विज्ञानाच्या दप्तरातील पहिली नोंद ही अशी आपल्या शेजारच्या भडोचची आहे.

वडोदऱ्यातील जुन्या मराठी घराण्यांना कापूस परका नाही. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम हा अरुंद लोहमार्ग टाकला गेला आणि कापसाचा हा मुलूख मुख्य लोहमार्गाशी जोडला गेला. प्रारंभी त्या रुळांवरून बैल डबे ओढीत असत. कर्जण, शिनोर, पादरा या बाजूच्या जमिनींचे जुने कागद आजही आपल्यापैकी काहींच्या कपाटांत असतील. प्रस्तुत लेखकाचा कापसाशी संबंध मात्र वेगळ्या मार्गाने आला. सयाजीगंजातील विज्ञान महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकून मी राज्य शासनाच्या सेवेत शिरलो आणि २०१७ साली निवृत्त झालो. त्या नोकरीत एका शेतकऱ्याने मला एक साधा प्रश्न विचारला होता. त्याचे धड उत्तर मी तेव्हा दिले नाही. पुढील इतिहास हा त्या उत्तराचाच शोध आहे.

प्रथम या अळीची राहणी समजून घेतली पाहिजे. पतंग अंडी घालतो. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी लगोलग कळीत किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते, आत सरकी खाल्ली जात असते. औषध फवारावे तर ते बोंडाच्या आत पोहोचत नाही. हंगाम संपला की अळी सरकीत वा वाळक्या बोंडात सुप्तावस्थेत पडून राहते. या सवयीमुळेच सरकीबरोबर तिने जगप्रवास केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती इजिप्तमध्ये पोहोचली, तेथून मेक्सिकोत आणि १९१७ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये प्रकटली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे महत्त्व आहे: ही अळी जवळजवळ केवळ कापसावरच जगते. हिरवी, म्हणजे अमेरिकन, बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो असे काहीही खाते. गुलाबी अळीला कापसावाचून गती नाही.

किडीविरुद्ध विषाचा मार्ग सर्वांना ठाऊक आहे. दुसरा मार्ग किडीच्या नैसर्गिक शत्रूंना हाताशी धरण्याचा. अळीच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालणारी ट्रायकोग्रामा ही चिमुकली गांधीलमाशी, मावा फस्त करणारी ढालकिड्यांची जात, अळ्यांना रोग लावणारे विषाणू, ही या मार्गाची साधने होत. आपल्या जवळच्या आणंद येथील कृषी विद्यापीठातही यावर संशोधन झाले आहे. याच साधनांपैकी एक होता एक जिवाणू. १९०१ मध्ये जपानच्या इशिवाता यांना रेशमाचे किडे अकस्मात मारणारा एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत बर्लिनर यांना पिठातील पतंगाच्या अळीत तोच आढळला आणि थुरिंजिया प्रांतावरून त्यांनी त्याला 'थुरिंजिएन्सिस' हे नाव दिले. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, आद्याक्षरांनी बीटी. हा जिवाणू एक स्फटिकरूप प्रथिन तयार करतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, आतड्याच्या पेशींना चिकटते आणि त्यांना छिद्रे पाडते. अळी खाणे थांबवते व मरते. माणसाच्या आम्लधर्मी जठरात असे घडत नाही आणि आपल्या आतड्यात ते चिकटण्याची जागाही नसते. फ्रान्समध्ये १९३८ पासून या जिवाणूची भुकटी बाजारात होती. उन्हापावसात ती टिकत नसे, एवढाच तिचा दोष.

त्यावर शास्त्रज्ञांनी जो उपाय काढला त्याने जैविक मार्गाला आनुवंशिकतेची जोड मिळाली. ते प्रथिन घडवणारे जनुकच कापसाच्या रोपात घालण्यात आले. आता रोपच स्वतःचे रक्षण करू लागले. अमेरिकेत १९९६ साली असा कापूस शेतात आला. भारतात जालन्याच्या महिको कंपनीने अमेरिकन मोन्सॅन्टो कंपनीशी भागीदारी करून तो आणला. भेंडीच्या बियाण्यापासून धंदा सुरू करून ज्यांनी १९६४ साली ही कंपनी काढली, त्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता.

परंतु कायद्याच्या आधी बी आले, आणि ते आपल्या गुजरातेत आले. २००१ च्या हंगामात हिरव्या बोंडअळीने कापसाचा फडशा पाडला असता काही शेते मात्र हिरवीगार उभी होती. तपासणीअंती निष्पन्न झाले की अहमदाबादच्या एका कंपनीच्या 'नवभारत १५१' या संकरित वाणात बीटीचे जनुक आहे आणि त्यास कोणतीही परवानगी नाही. हजारो हेक्टरांवर तो पेरला गेला होता. केंद्रीय समितीने ते पीक उपटून जाळण्याचा आदेश दिला. हाती आलेला कापूस कोण जाळू देणार? शेतकरी संतापले आणि आदेश बव्हंशी कागदावर राहिला. पुढे २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या तीन संकरित वाणांना रीतसर मान्यता मिळाली. १९७० साली सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस दिला होता. त्याच राज्याने आता नव्या बियाण्याचेही स्वागत केले. २००२-०३ मध्ये देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ मध्ये तो ४०० लाख गाठींच्या आसपास गेला. सिंचन, संकरित वाण व चांगला पाऊस यांचाही त्यात वाटा होता; परंतु बीटीचा वाटा नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मान्यतेबरोबर एक अट होती. बीटी कापसाभोवती साध्या कापसाच्या किमान पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढी लागवड करावी. म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची वेगळी पुडी मिळे. या पट्ट्याला 'आश्रय' म्हणत.

त्या सुमारास एका गावच्या शेतकरी मेळाव्यात ही अट वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. वाचून होताच मागे बसलेला एक वयस्क शेतकरी उभा राहिला आणि गुजरातीत म्हणाला, "साहेब, जी ओळ अळीने खायची ती मी पेरायची, तिला खत-पाणीही मीच घालायचे. हा दानधर्म कशासाठी?" सभा हसली. मीही हसलो. "नियम आहे, पाळावा लागतो," एवढे म्हणून मी पुढचा कागद उचलला. सभा संपल्यावर पाहतो तो, साध्या बियाण्याच्या काही पुड्या तेथेच ओट्यावर पडल्या होत्या. पुढे ठिकठिकाणी हेच पाहिले. कोणी ते बी नांग्या भरायला वापरी, कोणी गुरांपुढे टाकी, कोणी फेकून देई. मी त्याची नोंदही कोठे केली नाही.

त्या शेतकऱ्याला द्यावयाचे उत्तर असे होते. लाखो अळ्यांत एखादी अशी निघतेच की जिच्यावर बीटीचा परिणाम होत नाही. शेतात फक्त बीटी कापूस असेल तर बाकीच्या सर्व मरतात आणि अशा वाचलेल्यांचीच आपसांत सोयरीक जुळते. संतती मग पूर्ण प्रतिकारक होते. शेजारी साध्या कापसाच्या पाच ओळी असतील तर तेथे असंख्य सामान्य पतंग जन्मतात. विरळा प्रतिकारक पतंग त्यांच्यातच जोडीदार शोधतो. प्रतिकाराचा गुण बहुधा दबून राहणारा असल्याने अशा मिश्र जोडप्यांची पिल्ले बीटीवर मरतात. म्हणजे त्या पाच ओळी दानधर्म नव्हत्या. बियाण्याचे आयुष्य वाढवण्याचा तो हप्ता होता. गावाने गायरान राखावे तसा तो सगळ्यांनी मिळून राखायचा होता. एकट्याने राखून भागत नाही आणि एकेकाने मोडत गेले की उरत नाही.

हिरव्या बोंडअळीच्या बाबतीत आपली ही चूक निसर्गाने पुष्कळशी झाकली. शिवारातील तूर-हरभराच तिचा आश्रय झाला. गुलाबी अळीचा आश्रय मात्र कापसावाचून दुसरा असू शकत नव्हता, आणि तोच आम्ही दिला नाही. शिवाय पाण्याची सोय होताच कापूस मार्च-एप्रिलपर्यंत उभा ठेवण्याची, म्हणजे फरदड घेण्याची, चाल वाढली. अळीला अन्नाचा खंडच पडेना. परिणाम व्हायचा तोच झाला. २००८ साली अमरेली भागात गोळा केलेल्या गुलाबी अळ्या बीटीच्या प्रथिनाला दाद देईनात. मार्च २०१० मध्ये खुद्द मोन्सॅन्टोने अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या चार जिल्ह्यांत प्रतिकार निर्माण झाल्याचे जाहीर केले. २००६ साली दोन जनुकांचा नवा बीटी आला होता. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत त्यावरही ही अळी जगू लागली. १८४२ साली जिची पहिली नोंद भडोचला झाली, तिने भारतातील पहिला बंडाचा झेंडाही गुजरातेतच उभारला.

२०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी अळीने हाहाकार केला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती बातमी वाचताना मी नुकताच निवृत्त झालो होतो. जे बी विषाची फवारणी कमी करण्यासाठी आले, त्याच्या शेतात माणसे पुन्हा विष पाठीवर घेऊन हिंडत होती.

हे अटळ होते काय? दोन उदाहरणे 'नाही' म्हणतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९९६ पासून शेतकऱ्यांनी आश्रयाचे पट्टे इमानाने राखले आणि दहा वर्षे अळी बीटीला बळी पडत राहिली. २००६ पासून तेथे प्रारणांनी वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानातून सोडण्यात आले. रानातील पतंगांची जोडी या वांझ पतंगांशी जमे आणि वंश खुंटे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील कापूस क्षेत्रातून गुलाबी अळीचे निर्मूलन झाल्याचे घोषित झाले. तेथील शेते मोठी व शेतकरी थोडे, हे खरे. म्हणून दुसरे उदाहरण घरचे घेऊ. २००२ साली, म्हणजे बीटीला मान्यता मिळाली त्याच वर्षी, सांगलीच्या बाजूला उसावर लोकरी मावा पडला आणि पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. विषारी फवारण्यांनी तो हटेना. पुढे डिफा व मायक्रोमस हे मावा खाणारे कीटक शेतात आढळले. तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांच्या अळ्या असलेली पाने या शेतातून त्या शेतात नेऊन लावली, फवारणी आवरली, आणि मावा आटोक्यात आला. तेथील शेतेही लहानच होती. पण मित्रकीटक वाचवायचे तर शेजाऱ्यानेही हात आवरला पाहिजे, हे कोणीतरी बांधावर उभे राहून पटवून दिले होते.

मला वाटते, फरक येथे आहे. जैविक असो वा आनुवंशिक, कोणताही उपाय बाटलीतील औषधासारखा विकत घेऊन एकट्याने वापरून संपवता येत नाही. तो जिवंत असतो, त्यामुळे तो शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटला जातो. आम्ही बियाणे पोहोचवले, पण त्यामागचे कारण पोहोचवले नाही. कारण न कळलेला नियम कोण पाळील? पुढे शासनाने साधे बी बीटीच्या पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आणली. शेतकऱ्याला समजावण्याऐवजी त्याच्या नकळत आश्रय पेरण्याचा तो मार्ग आहे. उपयुक्त आहे, पण गुलाबी अळीच्या बाबतीत वेळ टळून गेल्यावर आलेला.

आज तज्ज्ञ जे सांगतात ते जुन्याच शहाणपणाचे आहे: कापूस वेळेवर काढावा, फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत, कामगंध सापळे लावावेत. यांतील प्रत्येक गोष्ट सबंध गावाने केली तरच फळते. आपल्यापैकी ज्यांच्या जमिनी अजून कानमात वा महाराष्ट्रात खंडाने दिलेल्या आहेत, त्यांनी निदान आपल्या कसणाऱ्याशी यावर एकदा बोलावे. नुसता नियम सांगू नये, कारणही सांगावे. तो वयस्क शेतकरी हयात असेल की नाही, मला ठाऊक नाही. त्याचा प्रश्न मात्र थट्टेचा नव्हता. त्या सभेतला तो एकच माणूस असा होता की ज्याने अट नीट ऐकली होती.