महिलांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला महापालिकेचं अनुदान कसं मिळतं? पनवेलचं उदाहरण

मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईला आधी माहिती हवी असते. तक्रार कुठे करायची? राहायचं कुठे? मुलांचं काय? ही मदत अनेकदा स्वयंसेवी संस्था करतात. अशा कामासाठी त्यांनी महापालिकेकडे अनुदान मागितलं, तर अर्ज कसा तपासला जातो?

महापालिका पैसे देऊ शकते का?

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. रायगड जिल्ह्यातली ही पहिली महापालिका. तिचा कारभार १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत, तर कलम ६६ मध्ये ऐच्छिक.

पोलीस आणि तुरुंग हे राज्य सरकारचे विषय आहेत. त्यामुळे तळोजा मध्यवर्ती कारागृह पनवेल तालुक्यात असलं, तरी ते चालवणं ही पालिकेची जबाबदारी नाही. समुपदेशन आणि कायदेविषयक जनजागृती मात्र महिला व बालकल्याणाच्या योजनांत बसू शकते.

अर्जात काय पाहिलं जातं?

- नोंदणी: संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहे का?
- हिशेब: मागील वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जोडले आहेत का? आधीच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र दिलं आहे का?
- दुहेरी खर्च: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२ नुसार महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतले लोक मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहेत. मग वकिलाच्या फीसाठी पुन्हा पैसे का? त्याऐवजी महिलांना या सेवेपर्यंत पोहोचवणारा कार्यकर्ता मागितला, तर अर्ज जास्त भक्कम ठरतो.
- गोपनीयता: अहवालातून पीडितेची ओळख उघड होणार नाही ना?

निर्णय कोण घेतं?

साधारणपणे संबंधित विभाग छाननी करतो आणि प्रस्ताव आयुक्तांकडे जातो. रक्कम आणि विषय यांनुसार समितीची किंवा सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. अंदाजपत्रकात तरतूद नसेल, तर चांगला प्रस्तावही अडकतो.

असं काम सरकारने स्वीकारल्याचं उदाहरण आहे का?

आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे राज्य सरकारने हा उपक्रम स्वीकारला आणि तो महाराष्ट्रभर पसरला.

नागरिक काय करू शकतात?

अनुदान कुणाला आणि का मिळालं, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाचं शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थाही या कायद्याखाली येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मोफत कायदेशीर मदत हवी असेल, तर अनुदानाच्या निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे: १५१००.