बिनतारी पेटीची गोष्ट

११ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या एका सभागृहात, अ‍ॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी लोकांना एक छोटा संगणक दाखवला. साडेसहा इंच लांब, साडेसहा इंच रुंद आणि दोन इंच उंच. मिठाईवाल्याकडचा अर्ध्या किलोचा खोका आठवा, साधारण तेवढाच. बाजूंना अ‍ॅल्युमिनियम, वर पांढरं प्लास्टिक. किंमत ४९९ डॉलर. पडदा, कीबोर्ड आणि माऊस ज्याचा त्याने आणायचा. नाव होतं मॅक मिनी.

या खोक्यात काय होतं आणि काय नव्हतं, ते पाहण्यासारखं आहे. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आणणारं मोडेम आत बसवलेलंच होतं. नेटवर्कची जाड वायर खुपसायला खाच होती. पण हवेतून जोडणी हवी असेल, तर त्याचं कार्ड वेगळे पैसे मोजून बसवून घ्यावं लागे. म्हणजे तार किमतीतच, आणि तार नको असेल तर वर पैसे. मग २८ फेब्रुवारी २००६ रोजी याच पेटीचा पुढचा अवतार आला. त्यात बिनतारी जोडणी आधीपासून बसवलेली होती आणि टेलिफोनचं मोडेम बाहेर गेलं होतं. ज्याला ते हवं त्याने वेगळं विकत घ्यावं. जेमतेम साडेतेरा महिन्यांत पारडं उलटं झालं.

मी कवितेचा माणूस. शिक्षण बी. ए. मग संगणकाच्या पोटातल्या गोष्टी मी का सांगाव्यात? कारण मला 'बिनतारी' हा शब्द लहानपणापासून आवडतो. जे नाही त्यावरून नाव पडलेल्या वस्तू फार थोड्या. आणि आकाशवाणीच्या स्टुडिओत बसून हे बोलताना माझा आवाज ज्या जातीच्या लहरींवर बसून घरोघरी गेला, त्याच जातीच्या लहरींची ही गोष्ट आहे.

ती सुरू होते हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा त्यांना नाद, आणि त्या नादानेच ते हवाईला आले, असं ते स्वतःच सांगत. विद्यापीठाचा मोठा संगणक होनोलुलूत, बाकीची केंद्रं दुसऱ्या बेटांवर. मधे समुद्र. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. तेव्हा १९७१ साली अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींवरून संगणक जोडले. या जाळ्याचं नाव त्यांनी ठेवलं अलोहा. हवाईत कुणी भेटलं की अलोहा म्हणतात, आपण सलाम किंवा राम राम म्हणतो तसं.

अडचण अशी होती की सगळ्यांना बोलायला लहर एकच. मुशायऱ्याची जुनी रीत तुम्हाला माहीत असेल. ज्याच्यासमोर शमा ठेवली जाई त्याने शेर म्हणायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. अलोहात शमाच नव्हती. ज्याला जेव्हा बोलायचं असेल तेव्हा त्याने बोलून टाकावं. होनोलुलूहून 'पोचलं' असा निरोप आला तर ठीक. नाही आला, तर दोघं एकदम बोलले आणि दोघांचंही वाया गेलं असं समजायचं. मग प्रत्येकाने आपल्या मनाने, वेगवेगळा वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. वाचायला हा गोंधळ वाटतो, आणि हिशेबाने होताही. या पद्धतीत लहरीचा जास्तीत जास्त १८ टक्केच वेळ सत्कारणी लागतो. पण काम भागलं. पुढे रॉबर्ट मेटकाफ यांनी याच कल्पनेत सुधारणा करून तारेवरचं इथरनेट उभं केलं, आणि आजचं वाय-फाय तर बोलण्याआधी कान देऊन ऐकतं, कुणी बोलत नाही ना याची खात्री करतं. आमच्या कविसंमेलनांना हे अजून साधलेलं नाही. असो.

यंत्रं बोलायला शिकली, पण त्यांनी बोलायचं कुठल्या पट्टीत? हवेवर सरकारची मालकी असते. कुठली लहर आकाशवाणीची, कुठली विमानांची, कुठली लष्कराची, हे ठरलेलं असतं. आपल्याकडे १९३३चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा होता. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणंसुद्धा त्याने गुन्हा ठरवलं होतं. साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे. आमच्या दादाजानच्या ट्रंकेत निकाहनाम्याखाली ते परवान्याचं पुस्तक जपून ठेवलेलं होतं. वर्षावर्षाचे शिक्के मारलेलं. लहानपणी मला वाटे, गाणी ऐकण्याची ही पावती आहे.

या कायद्याची धार मुंबईने १९४२ साली पाहिली. 'चले जाव'च्या ठरावानंतर नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडं बांधली गेली, आणि २७ ऑगस्टला हवेतून काँग्रेस रेडिओचा आवाज आला. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. पोलिसांना माग लागू नये म्हणून त्या आणि त्यांचे साथीदार जागा बदलत राहिले. आज या इमारतीत, थोड्या दिवसांनी दुसऱ्या. १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले. उषाताईंना चार वर्षांची सजा झाली आणि त्या येरवड्यात गेल्या.

त्याच ऑगस्टमध्ये, ११ तारखेला, अमेरिकेत एक पेटंट मंजूर झालं होतं. अर्जदार दोन : सिनेतारका हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल. पाणतीराला रेडिओने दिलेला हुकूम शत्रूने अडवू नये म्हणून हुकूम देणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने एकाच वेळी लहर बदलत राहायचं, अशी त्यांची युक्ती. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी असते, तशी दोन्हीकडे लावायची. पियानोच्या पट्ट्या ८८, म्हणून लहरीही ८८. मुंबईत माणसं घरं बदलत होती, तिकडे कागदावर लहरी बदलत होत्या. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. (हेडी लामार यांनी वाय-फायचा शोध लावला, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. ती अतिशयोक्ती आहे. आपण वापरतो ते वाय-फाय बहुतेक दुसऱ्या रीतीने चालतं. लहरी बदलण्याची युक्ती ब्लूटूथमध्ये मात्र आहे.)

लहर बदलत किंवा पसरवत बोलण्याची ही विद्या पुढे बरीच वर्षं लष्कराच्या कुलुपात राहिली. अमेरिकेच्या दळणवळण आयोगात मायकेल मार्कस नावाचे अभियंता होते. ही विद्या साध्या लोकांच्या हाती द्यावी, असा त्यांचा आग्रह. ९ मे १९८५ रोजी आयोगाने तीन पट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले. त्यांतला एक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. हा पट्टा मुळात कोणाचा, तर अन्न तापवणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्यांचा आणि कारखान्यांतल्या यंत्रांचा. तिथे इतका खरखराट, की जाणकार त्याला कचरापट्टा म्हणत. ज्या जागेवर कोणी हक्क सांगत नाही, तिथेच वस्ती उभी राहते, हे मुंबईकरांना नव्याने सांगायला नको.

या वस्तीत पहिल्या घरांपैकी एक गल्लापेट्यांचं होतं. एनसीआर ही दुकानांतली हिशेबाची यंत्रं बनवणारी कंपनी. दुकानदार मांडणी बदलतो, काउंटर इकडचं तिकडे जातं, की जमिनीतल्या वायरी पुन्हा उकराव्या लागतात. म्हणून कंपनीच्या हॉलंडमधल्या अभियंत्यांनी बिनतारी जोडणी तयार केली आणि १९९०च्या सुमाराला ती बाजारात आणली. नाव वेव्हलॅन. त्यांच्यातले व्हिक हेझ यांनी दहा वर्षं एका समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. सगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून समान नियम ठरवणारी ही समिती. जून १९९७ मध्ये नियम आले, वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ झाला. वाय-फाय हे नावही त्याच साली एका नावं सुचवणाऱ्या कंपनीकडून विकत घेतलं गेलं. त्याचा पूर्ण अर्थ कुणी विचारला तर सांगा, काही नाही. ते नुसतं कानाला बरं वाटणारं नाव आहे.

२१ जुलै १९९९ला न्यूयॉर्कमध्ये जॉब्झ यांनी लॅपटॉपवर इंटरनेट चालू ठेवून तो प्लास्टिकच्या रिंगणातून आरपार नेऊन दाखवला. कुठे तार नाही ना, पाहून घ्या. जादूगार तरंगणाऱ्या मुलीभोवती कडं फिरवतो, तसं. टाळ्या पडल्या. आतलं कार्ड ज्या ल्युसेंट कंपनीने केलं होतं, तिच्याकडे तोवर वेव्हलॅनचा वारसा आला होता. गल्लापेटीची विद्या लॅपटॉपात आली ती अशी.

आपल्याकडे २८ जानेवारी २००५ रोजी केंद्र सरकारने नियम काढले : २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणं वापरायला परवाना नको. मॅक मिनी दाखवला त्याला तेव्हा सतरा दिवस झाले होते. दादाजान हयात असते तर त्यांचा विश्वास बसला नसता.

माझ्याकडे ही पेटी आली २००७ साली. भाचा दुबईहून परतला, त्याने आपली जुनी मला दिली. पहिल्या खेपेची, म्हणजे बिनतारी नसलेली. ब्रॉडबँडचं मोडेम आमच्या हॉलमध्ये, माझं टेबल आतल्या खोलीत, आणि मधे पसरलेल्या वायरीत रोज कुणाचा ना कुणाचा पाय अडके. लॅमिंग्टन रोडवरच्या एका पोराकडे गेलो. तो म्हणाला, "चाचा, बाहेरून यूएसबीचं बोंडूक लावून देतो, स्वस्तात होईल. नाहीतर आतून. आतलं चांगलं."

"आतूनच कर," मी म्हणालो.

त्याने काढली ती रंगारी भिंतीला लांबी भरायला वापरतात ती पातळ पोलादी पट्टी. मी उडालोच. पण या पेटीला बाहेरून एकही स्क्रू नव्हता. खालच्या फटीत पट्टी सरकवून हलकेच उचकटायचं, की आतल्या प्लास्टिकच्या पकडी एकेक सुटतात. प्रत्येक सुटताना असा काही कडकन आवाज होतो, की मालकाने तोंड फिरवलेलं बरं. वर सीडीचा खण, त्याखाली लॅपटॉपात असते तशी छोटी हार्ड डिस्क, तळाशी मुख्य पाटी. कार्ड नुसतं खुपसता येत नव्हतं. ते धरायला आणखी एक छोटी पाटी लागे, आणि ती मिळवण्यासाठी पोराने आठवडाभर बाजार पालथा घातला होता. शेवटी अँटेनाच्या बारीक वायरीचं टोक कार्डात दाबून बसवलं. "लहर पत्र्यातून जात नाही, प्लास्टिकमधून जाते," तो म्हणाला, "म्हणून तर वरचं झाकण प्लास्टिकचं." मला वाटत होतं ते शोभेसाठी आहे.

घरी सगळं लागलं. पासवर्ड नव्हता, तेव्हा बऱ्याच घरी नसे. शेजारची मुलगी जिन्यात बसून आमच्या वाय-फायवर अभ्यासाच्या नोट्स उतरवायची. पाणी भरायला येणाऱ्याला नळ नाकारू नये, तसं आमच्या बेगमचं मत.

२६ जुलै २००८ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तसंस्थांना धमकीचा मेल गेला होता. पोलीस त्याचा माग काढत पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरात. तिथल्या रहिवाशाचं वाय-फाय बिनकुलपाचं होतं आणि ते वापरणारा कुणी वेगळाच होता. पुढचे असेच मेलही मुंबईतल्या दुसऱ्यांच्या वाय-फायवरून गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वाय-फायला कुलूप लावण्याबद्दल सूचना काढल्या.

पण त्याच्या कितीतरी आधी, ऑगस्टमध्येच, लॅमिंग्टन रोडच्या त्या पोराचा फोन आला. मी काही विचारलं नव्हतं.

"चाचा, पासवर्ड टाकला का? आजच टाका. आणि डब्ल्यूईपी नको, डब्ल्यूपीए निवडा."

"का रे, फरक काय?"

"पहिलं कुलूप कुणीही उघडतं." हे खरं होतं. १९९७च्या नियमांतलं ते कुलूप २००१ सालीच तज्ज्ञांनी मोडून दाखवलं होतं. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "चाचा, त्यांच्या घरी पोलीस आले तर आधी चौकशी करतील. आपल्या दारावर नावाची पाटी कुठली आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

मी त्याच संध्याकाळी पासवर्ड टाकला. जिन्यातल्या मुलीला तो कागदावर लिहून द्यायला गेलो, तर तिच्या वडिलांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, "राहू द्या, आम्ही आमचं कनेक्शन घेतोय." चांगले गृहस्थ होते, अजूनही बोलतात. कागद माझ्या खिशातच राहिला.

पेटी २०१२ पर्यंत चालली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या केंब्रिजहून रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक आला. त्यातही सुरुवातीला बिनतारी नव्हती, यूएसबीचं तेच बोंडूक लावावं लागे. २०१६च्या तिसऱ्या आवृत्तीत ती पाटीवरच आली, तांदळाच्या दाण्याएवढ्या अँटेनासकट. मग २०१७ मध्ये त्याचं दहा डॉलरचं धाकटं भावंड आलं, झीरो डब्ल्यू. त्यावर तो दाणाही नाही. पाटीच्या कडेला थरांमधलं तांबं काढून एक छोटी त्रिकोणी जागा रिकामी सोडली आहे. तीच अँटेना.