‘हें क्रिकेट नव्हे’

इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरांत, कचेरींत किंवा न्यायसभेंत एखादा मनुष्य दुसऱ्यास ‘इट् इज नॉट क्रिकेट’ असें बजावतो, तेव्हां तेथें चेंडूफळीचा मागमूसहि नसतो. तुमचें कृत्य नियमांत बसत असेल, पण तें सभ्यपणास धरून नाहीं, असा त्या शब्दांचा भाव असतो. कायदा शाबूत राहिला तरी नीति मोडली, असा तो ठपका आहे.

जेम्स पायक्रॉफ्ट या धर्मोपदेशकाच्या १८५१ सालच्या ‘द क्रिकेट फील्ड’ या ग्रंथांत हा प्रयोग आढळतो. तेथें त्याचा संबंध खेळाशींच होता. पुढें इंग्लंडांतील बड्या शाळांनीं क्रिकेट हें शीलसंवर्धनाचें साधन मानलें, आणि तेथें शिकलेल्या अधिकाऱ्यांबरोबर हे शब्द साम्राज्यभर पसरले.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९३२-३३ सालीं ऑस्ट्रेलियांत. डोनाल्ड ब्रॅडमन यानें १९३० च्या पांच कसोटी सामन्यांत ९७४ धावा काढल्या होत्या. त्यास आवर घालण्यासाठीं इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन यानें फलंदाजाच्या अंगावर वेगवान चेंडू टाकण्याची आणि लेग बाजूस झेल टिपणाऱ्यांचें कडें उभें करण्याची युक्ति योजिली. तत्कालीन नियमांत तिला मनाई नव्हती. जानेवारी १९३३ मध्यें ॲडलेड येथें हॅरोल्ड लारवुडचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा कर्णधार बिल वुडफुल याच्या छातीवर आदळला. मैदानावर संघ दोन आहेत, पण क्रिकेट एकच खेळत आहे, असें वुडफुलनें इंग्लंडच्या व्यवस्थापकास सुनावलें. त्याच सामन्यांत ऑस्ट्रेलियाच्या नियामक मंडळानें लंडनला तार करून हा प्रकार खिलाडूपणास सोडून असल्याचें कळविलें.

इंग्लंडनें मालिका ४-१ अशी जिंकली. लारवुडनें ३३ बळी घेतले. मग प्रायश्चित्त कोणी घ्यावें? जार्डिन हा मुंबईंत जन्मलेला, सुखवस्तु घराण्यांतील हौशी खेळाडू. तो १९३३-३४ मध्यें कर्णधार म्हणूनच हिंदुस्थानांत आला आणि येथील पहिला कसोटी सामना मुंबईंत खेळला. लारवुड हा चौदाव्या वर्षीं कोळशाच्या खाणींत राबलेला, खेळावर पोट भरणारा व्यावसायिक. १९३४ मध्यें माफीपत्र मागण्यांत आलें तें त्याच्याकडे. कर्णधाराची आज्ञा पाळल्याबद्दल माफी कसली, म्हणून त्यानें सही नाकारली. इंग्लंडकडून तो पुन्हां कधींच खेळला नाहीं.

१९५० मध्यें लारवुड सहकुटुंब ऑस्ट्रेलियांतच कायमचा राहावयास गेला, आणि ज्यांच्या खेळाडूंना त्याच्या चेंडूंनीं घायाळ केलें होतें, त्यांनींच त्याचें स्वागत केलें. १९५७ मध्यें लेग बाजूस फलंदाजाच्या मागें दोहोंहून अधिक क्षेत्ररक्षक ठेवण्यास नियमानेंच बंदी आली. म्हणजे युक्तीचा निवाडा झाला. पण हुकूम देणारा मोकळा राहिला आणि हुकूम पाळणाऱ्यास शिक्षा झाली, तें क्रिकेट होतें काय?