परमुलखातील विद्यार्थी आणि त्याची भाकरी



या व्यासपीठावर बहुधा पंडित मंडळी बोलतात. आम्ही कारखान्याच्या द्वारसभेत बोलणारे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. त्यामुळे इतिहास वाचतानाही आमची एक खोड कायम राहिली. कोणी मोठे काम केले असे वाचले, की त्या काळात त्याचा महिन्याचा खर्च कसा भागत होता, हे आम्ही आधी शोधतो.

आज परदेशी शिक्षणाचा विषय आम्ही घेतला तो याच खोडीने. चिकलठाणा आणि वाळूजच्या वसाहतींतील कामगारांची मुले आता जर्मनीला, इंग्लंडला जाण्याच्या गोष्टी बोलू लागली आहेत. बाप फीची चौकशी करतो, आई तिकडच्या थंडीची. आईचा प्रश्न साधा वाटतो. पण या बाबतीत ती बापापेक्षा शहाणी आहे, असे इतिहास सांगतो. परमुलखात शिकणाऱ्याची खरी परीक्षा वर्गाबाहेर होते. खोलीत ऊब आहे का, पोटात अन्न आहे का आणि जेवताना शेजारी कोण बसते, हे तिचे तीन विषय. या परीक्षेला बसलेल्या दोन मराठी माणसांची हकीकत आज सांगावयाची आहे.

पहिले नाव डॉ. आनंदीबाई जोशी. कल्याणची ही मुलगी १८६५ साली जन्मली. वयाच्या चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. स्त्रियांना स्त्री डॉक्टर पाहिजे हा विचार तिच्या मनात पक्का झाला तो या दुःखातून. नवरा गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. एप्रिल १८८३ मध्ये ती कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगितले होते. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले.

शब्द दिला खरा. पण तो पाळायचा होता फिलाडेल्फियाच्या बर्फात. बंदरावर उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. त्यांना ती मावशी म्हणू लागली. मावशीच्या घरी काही महिने बरे गेले. पुढे कॉलेजजवळ राहावयाचे आले तेव्हा खोली मिळाली ती अशी, की तिथली शेगडी पेटवली तर धूर कोंडावा आणि विझवली तर हाडे गोठावीत. आहार शाकाहारी, आणि त्या गावात शाकाहारी जेवण म्हणजे काय हे सांगावे तरी कोणाला? नऊवारी लुगड्यात पोटऱ्यांना वारा लागे. तेव्हा अंग आणि घोटे झाकतील अशा गुजराती पद्धतीने ती साडी नेसू लागली. हा बदल तिला इकडे नवऱ्याला पत्राने कळवावा लागला, कारण बाईने काय नेसावे याचा निकाल सात समुद्र ओलांडल्यावरही घरूनच होत होता.

मार्च १८८६ मध्ये तिने डॉक्टरची पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही ठरली. पण परत आली ती क्षयाने पोखरलेली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती वारली तेव्हा तिला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एका दिवसाचेही काम तिच्या वाट्याला आले नाही. क्षयाला कारणे अनेक असतात, हे आम्ही जाणतो. पण थंडी, धूर आणि अपुरे अन्न यांनी कोणाचीही प्रकृती सुधारलेली नाही, हे सांगावयास डॉक्टर लागत नाही. चाळीत वाढलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे.

दुसरे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड. पौंडाला पंधरा रुपये या तेव्हाच्या दराने ही रक्कम पावणेदोनशे रुपयांच्याही आत येते. तिच्यात खोली, जेवण, कपडे आणि पुस्तके भागवायची आणि शिवाय मुंबईला घरी पैसे धाडायचे. आरंभी ते विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तिथले जेवण मानवेना, म्हणून दुसरीकडे गेले. पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहू लागले. ही मैत्री जन्मभर टिकली आणि पुढे उपयोगी पडली.

न्यूयॉर्कमध्ये एक गोष्ट मात्र त्यांना न मागता मिळाली. मेजावर शेजारी बसणाऱ्याने जात विचारली नाही. परदेशातल्या या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे आनंदीबाईंना जिथे परकेपण भेटले, तिथे बाबासाहेबांना माणूसपण भेटले. परदेश सर्वांना सारखा नसतो. आपण कोणत्या घरातून निघालो यावर तो बरा की वाईट हे ठरते.

१९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परतावे लागले आणि कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीस लागले. एवढा शिकलेला अधिकारी, पण त्या शहरात त्याला खोली देईना कोणी! एका पारशी सरायीत नाव बदलून ते राहिले, तर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. गाडीची वेळ होईपर्यंत बडोद्याच्या बागेत बसून त्यांनी दिवस काढला. न्यूयॉर्कमध्ये ज्याला राहायला जागा मिळाली, त्याला बडोद्यात मिळाली नाही. परमुलूख नेमका कोणता, हे तुम्हीच ठरवा.

मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे साह्य घेतले, भथेनांकडून कर्ज काढले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. या वेळची कथा आमच्या कामगार बांधवांनी नीट ऐकावी. सकाळी घरमालकीण देणार पावाचा एक तुकडा, त्याला काही तोंडी लावणे आणि मांसाच्या अर्काचे गरम पेय. तेवढ्यावर निघायचे ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, जिथे पूर्वी कार्ल मार्क्स वर्षानुवर्षे बसत. दार उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. दुपारचे जेवण नाही. रात्री पुन्हा तेच पेय आणि बिस्किटे. दहाच्या सुमारास पोटात आग पडली, की ओळखीच्या एका हिंदी गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खाऊन पहाटेपर्यंत वाचीत बसायचे.

याच काळात रुपयाचे काय झाले पाहा. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव अडीच शिलिंगांच्या वर चढला होता. वर्षसव्वावर्षात तो दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. रुपयांत बचत करून गेलेल्या हिंदी विद्यार्थ्याची पुंजी त्यामुळे बसल्या जागी आटत होती. बाबासाहेबांनी लंडनच्या पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय रुपयाचाच आणि १९२३ साली तो पुस्तकरूपाने निघाला. विद्वान त्यात चलनशास्त्र पाहतात, ते योग्यच आहे. आम्हाला मात्र त्यात पापड भाजणारा विद्यार्थीही दिसतो. रुपया घसरला म्हणजे काय होते, हे त्याला केवळ ग्रंथातून कळलेले नव्हते.

या हिशेबाची दुसरी वही मुंबईत परळच्या चाळीत होती. ती रमाबाईंच्या हाती होती. परदेशात एकटा शिकतो. त्याचा खर्च सारे घर भरते. रमाबाईंना पदवी मिळाली नाही, त्यांचे नाव कुठल्या विद्यापीठाच्या पटावर नाही. १९३५ साली त्या वारल्या. १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्या हलाखीच्या, मित्रहीन दिवसांत आपल्याबरोबर सोसण्याची त्यांची तयारी तिथे कृतज्ञतेने नोंदवली. भागीदाराचे नाव कागदावर आले, उशिरा का होईना.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता दौलताबादचा किल्ला पाहावयास थांबले. प्रवासाची धूळ होती, म्हणून दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. त्यावरून शिवीगाळ झाली, गर्दी जमली. आणि आत कुठेही पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर शिपाई देण्यात आला. दोन खंडांतल्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या माणसाला आपल्या शहरापासून काही कोसांवर पाण्याची बंदी! हे आपण विसरू नये.

आणि त्याच मुलखात त्यांनी कॉलेज काढले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. तोवर आपल्याकडच्या मुलाला पदवी हवी तर बहुधा हैदराबाद गाठावे लागे आणि तिथे उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. आपल्याच संस्थानात तो परदेशी विद्यार्थी! जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याच्या इमारतीची कोनशिला बसवली. हेच आपले मिलिंद महाविद्यालय. पण नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहेही आली, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. खेड्यातल्या भूमिहीनाच्या मुलाला हे शहर लंडनइतकेच परके होते. त्याला नुसता प्रवेश देऊन भागत नाही. त्याला निजायला जागा पाहिजे, दोन वेळचे जेवण पाहिजे आणि शेजारी बसून जेवणारा सोबती पाहिजे. ज्याने स्वतः उपाशी पोटी वाचले, त्याने इतरांनी तसे वाचावे असे म्हटले नाही. काही लोक आपल्या हालांचा आदर्श करून पोरांच्या माथी मारतात. बाबासाहेबांनी तसे न करता वसतिगृह बांधले.

आजची स्थिती बदललेली आहे. लंडनमधले किंग हेन्रीज रोडवरचे ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन स्मारक केले. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी शिष्यवृत्ती मिळते. जर्मनीला जाणाऱ्याने वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीच बँकेत दाखवावी लागते; २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो ठरली. म्हणजे विद्यार्थ्याला जगायला किती लागते हे आता सरकारेही मोजतात. मोजतात, हे ठीक. पण कारखान्यात आम्ही मागतो तेच इथेही मागितले पाहिजे. निर्वाहाचा भत्ता महागाईच्या मानाने असावा आणि महिन्याच्या महिन्याला ठरल्या तारखेस हाती पडावा. उशिरा आलेल्या भत्त्याने मागच्या महिन्याची भूक भागत नाही.

आणि एक मागणी तुमच्याकडे. परदेशी जाणाऱ्या मुलाचा आपण सत्कार करतो, ते चांगलेच. पण याच शहरात बीड, जालना, हिंगोलीकडून शिकायला आलेली पोरे भाड्याच्या खोलीत चौघे चौघे राहतात आणि खाणावळीच्या एका डब्यात दोघे जेवतात. ती आपल्या दारात आलेली परदेशी मुले आहेत. त्यांना खोली देताना आडनाव विचारू नका. हिवाळ्यात पांघरूण आहे का ते विचारा. कधी सणासुदीला पानावर बोलवा. अमेरिकेत एका मराठी मुलीला मावशी भेटली होती. आपल्या गावात आलेल्या मुलांनाही ती भेटावी, एवढेच आमचे मागणे आहे.