श्वानांच्या दंतचिकित्सेचा ऐतिहासिक मागोवा : खानदेशच्या संदर्भात

प्रस्तावना :
जनावराच्या तोंडात डोकावण्याची मानवाची परंपरा जुनी आहे. मात्र त्यामागील हेतू बहुतांशी जनावराच्या हिताचा नव्हता. भुसावळ तालुक्यातील वरणगाव व त्याचा परिसर हा तापी खोऱ्यातील शेतीप्रधान प्रदेश होय. अशा प्रदेशात बैलाचे वय दातांवरून ठरविले जाते. दुधाचे दात असलेला ‘आदत’, दोन कायम दातांचा ‘दुसा’, चार दातांचा ‘चौसा’ आणि आठही दात पूर्ण झालेला ‘जुळलेला’ ही परिभाषा शेतकऱ्यांच्या दीर्घ निरीक्षणाची साक्ष देते. परंतु हे ज्ञान किमतीशी निगडित होते. घर-शेताची राखण करणाऱ्या कुत्र्याला बाजारभाव नव्हता. साहजिकच त्याचे दात कोणी मोजले नाहीत.

वसाहतकालीन पशुवैद्यक :
मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तर १८८९ मध्ये पुण्यात जीवाणूशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे ती मुक्तेश्वरला हलविण्यात आली. लष्कराचे घोडे आणि बुळकांडीसारख्या रोगांनी मरणारी गुरे हेच तत्कालीन शासनाचे प्रमुख चिंतेचे विषय होते. कुत्र्याच्या दाताकडे लक्ष गेले ते वेगळ्याच कारणाने. लुई पाश्चरने १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलास लस दिली आणि १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर संस्था उभी राहिली. म्हणजेच बैलाचा दात किमतीचे, तर कुत्र्याचा दात भीतीचे चिन्ह ठरला. त्या दाताची कुत्र्यालाही वेदना होते, हा विचार अद्याप दूर होता.

आधुनिक दंतचिकित्सा :
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही दृष्टी बदलली. अमेरिकेत १९८८ मध्ये पशुदंतवैद्यकाचे स्वतंत्र विशेषज्ञ-महाविद्यालय स्थापन झाले. कुत्र्याला दुधाचे २८ व कायमचे ४२ दात असतात. सहा ते सात महिन्यांपर्यंत कायमचे दात येतात. दुधाचा सुळा वेळीच न पडल्यास नवा सुळा आडवा सरकतो. खालचा सुळा टाळूत रुतून जखमही होते. असा दुधाचा दात वेळेवर काढणे, किंवा उतरती पट्टी बसवून सुळ्याला योग्य दिशा देणे, हे श्वानांच्या दंतसुधारणेचे मुख्य उपाय होत. मात्र उपचाराचा हेतू वेदनामुक्ती हाच असावा. प्रदर्शनासाठी आनुवंशिक दोष झाकणे नीतीला धरून नाही.

याहून व्यापक प्रश्न हिरड्यांच्या विकाराचा आहे. दातांवर साचणारा जिवाणूंचा थर कठीण होऊन हिरडी सुजते, तोंडाला दुर्गंधी येते व अखेरीस दात हलू लागतो. दुखत असूनही कुत्रा खात राहतो, म्हणून मालकाला आजार उशिरा कळतो. रोज मऊ ब्रशने दात घासणे हा यावरील साधा उपाय आहे. त्यासाठी माणसांची टूथपेस्ट वापरू नये, कारण तिच्यातील काही घटक कुत्र्यास अपायकारक असतात.

निष्कर्ष :
किंमत, भीती आणि वेदना या तीन टप्प्यांतून जनावराच्या दाताकडे पाहण्याची मानवी दृष्टी बदलत गेली. पहिल्या दोन टप्प्यांत माणूस स्वतःचाच विचार करीत होता. तिसऱ्यात तो प्रथमच प्राण्याच्या बाजूने पाहू लागला. बैलाचे दात अचूक ओळखणाऱ्या खानदेशच्या शेतकऱ्याकडे निरीक्षणाची परंपरा आहेच. तीच नजर दारातल्या कुत्र्याच्या तोंडाकडे वळविणे हे पशुवैद्यकीय शिक्षण व विस्तारकार्य यांपुढील कर्तव्य ठरते.